जुन्या घराला जुनेच सामान

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक मस्तानी महाल पाहायला जातात ते बाजीराव-मस्तानीच्या ओढीने. तो महाल मुळात त्या जागेवरचा नाही, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. कोथरूडच्या महालाचे उरलेसुरले भाग दिनकर ऊर्फ काका केळकरांनी शहरात आणले आणि संग्रहालयाच्या एका दालनात जोडून उभे केले. अठराव्या शतकातले लाकूडकाम सुटे झाले, पेठेत आले आणि विसाव्या शतकातल्या चार भिंतींच्या आत पुन्हा ताठ उभे राहिले. हे जमले ते केळकरांच्या चिकाटीमुळे आणि तितकेच त्या पेशवेकालीन सुतारांमुळे. त्यांनी केलेले काम उलगडता येत होते. तोच महाल सळई-काँक्रीटचा असता, तर संग्रहालयाला फार तर राडारोडा मिळाला असता.

प्रस्तुत पुस्तक जुन्या घरांच्या दुरुस्तीविषयी आहे, आणि त्यातही ती दुरुस्ती दुसऱ्या मोडलेल्या घरांतून निघालेल्या सामानाने कशी करावी याविषयी. चौक, ओसरी, माजघर, तुळशीवृंदावन यांच्या आठवणींनी मराठी ललित लेखन ओथंबलेले आहे. त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. आठवणींनी गळके छप्पर थांबत नाही. शिवाय त्या माजघरांत ज्यांची हयात गेली त्या बायकांना कधी विचारून पाहावे. अंधार, धूर आणि परसातली न्हाणी यांपैकी त्यांना फारसे काही परत नको असते. मला रस आहे तो त्या घरांच्या सामानात, आणि ते सामान ज्या रीतीने एकत्र आले होते त्या रीतीत.

देशावरच्या वाड्याचे उदाहरण घेऊ. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळया. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि सर्वांत वर मातीचा थर. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर केवढे हे खणांतच सांगायचे. भार लाकडाच्या सांगाड्यावर. पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती पुष्कळदा नुसता आडोसा करणाऱ्या. सांध्यात एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात शिरणारी जीभ, आणि दोन्ही अडकवून ठेवायला लाकडी खुंटी. ती खुंटी ठोकून बाहेर काढली की सांधा सुटतो. विटांचे बांधकाम चुन्यात. चुन्याचा थर विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून हलक्या हाताने ठोकले तरी वीट अखंड मोकळी होते. सिमेंटचा थर मात्र बहुतेक वेळा विटेपेक्षा कठीण. तो तोडायला गेले की आधी वीटच फुटते. चुन्याच्या घाण्या बंद पडून सिमेंटची पोती आली तेव्हा घरे भक्कम झाली असे सगळ्यांना वाटले. झालीही असतील. पण त्याच दिवसापासून घराचे सामान एकदाच वापरायचे झाले.

या एका फरकावर पुढची सगळी प्रकरणे उभी आहेत. जुने घर बांधणाऱ्याला ते कधीतरी उतरवावे लागेल याची जाणीव होती. उतरवलेले लाकूड मुलाच्या घराला, नाहीतर गोठ्याला लागेल हेही तो धरून चालला होता. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपण माणसांच्या कृतघ्नपणावर वापरतो. वासे मात्र खरोखरच फिरत असत, आणि त्यात कृतघ्नपणा काही नव्हता.

मोडलेल्या वास्तूचे सामान उचलून नवी वास्तू उभारणे ही पर्यावरणवाद्यांनी काल-परवा काढलेली युक्ती नव्हे. जुने गोवे ओस पडू लागले तेव्हा तिथल्या व्हाइसरॉयच्या राजवाड्यासकट अनेक इमारती उतरवून त्यांचा दगड पणजीच्या बांधकामांना नेला गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही टांगलेल्या आहेत. ती लूट होती हे उघड आहे. पण वाजणारी चांगली घंटा वितळवून टाकायची नाही, एवढा व्यवहार लुटणाऱ्यालाही कळत होता.

आज सामान मोकळे होते आहे ते लढायांनी नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. तिथून पुण्याच्या वाड्यांची पडझड ठळकपणे सुरू झाली असे म्हणता येईल. त्याआधी १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबई-पुण्यातली भाडी गोठवली होती. भाडेकरूला छत मिळाले, पण मालकाला कौल बदलण्याइतकेही उत्पन्न उरले नाही. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू करू शकेना, आणि पाऊस कुणासाठी थांबेना. पुढे चटईक्षेत्राचा हिशोब आला आणि उभ्या वाड्यापेक्षा त्याच्याखालची जमीन महाग झाली.

कोकणात कारणे निराळी. माणसे मुंबईला गेली, घरे कुलपात राहिली. कौलारू घराला दरवर्षी मृगाआधी शाकारणी लागते. माणसाने छपरावर चढून फुटकी कौले बदलावी लागतात. चढणारा माणूस गावात उरला नाही. उरली कौले फोडणारी माकडे. कोकणाबाहेरच्या वाचकाला हे विनोदी वाटेल, पण कौले उतरवून पत्रे घालण्याच्या निर्णयात माकडांचा वाटा फार मोठा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली हजारो छपरे उडवली, तेव्हा राहिलेल्या पुष्कळांनीही पत्र्याचीच वाट धरली. परिणामी आज कोकणातल्या घरांमागे उत्तम भाजणीच्या कौलांचे ढीग शेवाळत पडलेले दिसतात.

या कौलांविषयी थोडे सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो त्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात जेप्पूला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले होती. मंगलोरी कौल साच्यातले, कडांना खोबणी असलेले. एकाची कड दुसऱ्यात अडकते, त्यामुळे कमी कौलांत जास्त छप्पर झाकते आणि वाऱ्याने सहज हलत नाही. कौल उलटे केले की पाठीवर कारखान्याचे नाव सापडते. जुनी कौले विकत घेणाऱ्याने आधी हे नाव वाचावे. दोन कारखान्यांच्या खोबणीत सुताएवढा फरक असला तरी कौले एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि आषाढात त्याच रेषेत गळती लागते. एका पाख्यावर एकाच छापाची कौले, हा नियम मोडू नये. मग प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर आत तडा आहे. तडा गेलेली कौलेही फेकायची नाहीत, त्यांचा उपयोग पुढे येईल.

लाकडाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे झाले आहे, आणि ते तसेच ठेवले आहे. पाडकामाचा ठेकेदार पुष्कळदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकालाच देतो. कारण त्याला सांगाड्यातला साग दिसत असतो. तो साग मग घनफुटांवर विकला जातो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास, मुंबईत रे रोडकडे, आणि दारे-खिडक्या असतील तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, पितळी मुठी हव्या असतील तर मुंबईचा चोर बाजार आहे, आणि पुण्यात मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा जुना बाजार.

मुंबईच्या जुन्या इमारतींतून निघणाऱ्या तुळयांत बर्मी सागाचा मोठा भाग आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली, आणि रंगून-मोलमीनचा साग जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागला. याच कंपनीला बर्माच्या दरबाराने सागाच्या व्यवहारावरून दंड केला, ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतले, आणि तिथल्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. तो तिथेच १९१६ मध्ये वारला. गिरगावातल्या एखाद्या चाळीची तुळई उतरताना हे आठवले तर तिच्यावर करवत चालवायला हात थोडा जड होतो. होऊ द्यावा.

जुने लाकूड विकत घेताना वरचा रंग पाहू नये. रंग तेल-पाण्याने करता येतो. तुळईची दोन टोके पाहावीत, कारण भिंतीत गेलेले टोक ओल धरते आणि तिथूनच सडू लागते. मधला भाग सहसा ठणठणीत असतो. टोच्या घेऊन टोके टोचावीत. लोखंड आत गेले तर तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या लांबीचाच भाव करावा. खांबाचे दुखणे तळाशी असते. तिथे कुजलेला हात-दीडहात कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येतो, आणि हे करणारे सुतार अजून आहेत. सागाच्या गाभ्यात तेल असते म्हणून वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही, पण बाहेरच्या फिकट लाकडाला ती सोडत नाही. घराला लागलेले लाकूड सगळे सागच असते असेही समजू नये. कोकणात फणस, ऐन, किंजळ आणि शिवण असे सगळे मिसळलेले सापडते. शेवटची गोष्ट खिळ्यांची. एक मोडका खिळा आऱ्याच्या पात्याचे वाटोळे करतो, म्हणून गिरणीवाला जुने लाकूड पाहूनच नाक मुरडतो. आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढून घ्यावेत, मग गिरणीत जावे.

भिंतींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. जुनी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आतच साठते, आणि काही पावसाळ्यांनी गिलाव्याचे पापुद्रे भिंतीची माती घेऊनच खाली येतात. घरमालक मग म्हणतो, जुनी भिंतच कच्ची होती. पडलेल्या भिंतीची माती मात्र चाळून, भिजवून, भुसा-शेण घालून पुन्हा वापरता येते. इतके संपूर्णपणे पुन्हा वापरता येणारे दुसरे सामान मला माहीत नाही.

इथे किल्लारीच्या भूकंपाचा विषय टाळता येणार नाही, आणि टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गेली. ती घरे स्थानिक सामानाची होती, दगड-मातीची होती आणि जुनी होती. जुन्या सामानाची भलामण करणाऱ्याला हा प्रश्न लोक विचारतात, आणि विचारायलाच हवा. मारले कशाने? दोन-दोन हात रुंद भिंतींनी, ज्यांची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधलेली नव्हती. मधे नुसता दगडगोट्यांचा भराव, आरपार जाणारा लांब दगड नाही. आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवत नेलेल्या मातीच्या भाराने. पण लाकडी खणांचा सांगाडा जिथे धड होता, तिथे भिंती ढासळल्या तरी तो बऱ्याच ठिकाणी उभा राहिलेला दिसला. या अनुभवातून भीती तेवढी पसरली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि दगडावरचा विश्वास संपला. शिकायचे होते ते वेगळेच होते. तोच दगड पुन्हा लावा, पण ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण रुंदीचा बांधदगड घाला, कोपरे सांधा, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवा आणि छतावरचे ओझे कमी करा. घर दुरुस्त करणाऱ्याने जुने सामान घ्यावे; त्याबरोबर जुनी चूक घेण्याचे कारण नाही.

काही सामान तर घेऊच नये. विजेच्या जुन्या तारा आणि बटणे. सिमेंटचे म्हणून ओळखले जाणारे ॲस्बेस्टॉसचे पत्रे, जे कापताना आणि फोडताना त्यांचे तंतू छातीत जातात. स्लॅब फोडून काढलेल्या आणि हातोड्याने सरळ केलेल्या सळया, ज्या बाजारात सर्रास मिळतात आणि स्वस्त असतात. जुना रंग घासायचा असेल तर तो ओला करून घासावा, त्यात शिसे असण्याचा संभव असतो. लहान मूल घरात असेल तर हे काम त्याला दुसरीकडे पाठवूनच करावे.

आता दारांविषयी, कारण या विषयात शिरणारे बहुतेक लोक दारातूनच शिरतात. एखादे कोरीव दार, गणेशपट्टी, पितळी फुल्या. ते हॉटेलात किंवा फार्महाऊसच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकवून वरून दिवा सोडायचा. हे मला पटत नाही. दार उघडझाप करण्यासाठी आहे. या हौसेपायी धडधाकट वाड्यांची दारे उपटली जातात. मागणी वाढली तशी नकलाही आल्या. नव्या लाकडाला काळे करून जुने म्हणून विकणे हा आता रीतसर धंदा आहे. खरे जुने दार ओळखायचे तर नक्षी सोडून द्यावी आणि मागची बाजू पाहावी. वाकसाने तासल्याच्या खुणा, लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे, आणि हात लागत आला त्याच जागी झालेली झीज. बिजागरी नसलेली, वर-खाली खुंटावर फिरणारी दारे आजच्या चौकटीत बसत नाहीत. ती ठेंगणीही असतात. अशा वेळी दार कापण्यापेक्षा भिंतीतली जागा दाराच्या मापाने घडवावी. कायद्याची बाजूही लक्षात असावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची असेल तर ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या आपल्या मंडळींनी आजोळचे दार न्यायचा बेत करण्यापूर्वी हे वाचावे.

जुने सामान म्हणजे जुनाट घर, असे नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला टाकाऊ मंगलोरी कौले स्लॅबच्या पोटात घातली. स्लॅबच्या खालच्या भागावर ताण येतो. तो काँक्रीटला पेलवत नाही, सळईच पेलते. मग तिथले काँक्रीट बहुतांशी नुसते वजन. त्या जागी कौल बसवले की सिमेंट वाचते, छत हलके होते आणि खालून कौलांची नक्षी दिसते. मघाशी बद्द वाजलेली कौले इथे लागतात. आपल्याकडे नवी मुंबईत बेलापूरला एस प्लस पीएस आर्किटेक्ट्स यांनी बांधलेल्या 'कोलाज हाऊस'च्या दर्शनी भागात मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींच्या दारा-खिडक्या एकत्र बसवलेल्या आहेत, आणि आत एका उतरवलेल्या जुन्या घराचे खांब उभे आहेत. घर नवे आहे, राहणारे आजचे आहेत, आणि कुणी वाड्याचे सोंग आणलेले नाही. अशा घरांची संख्या अजून थोडी आहे. याचे कारण पैशापेक्षा वेळेत आहे. जुने सामान नकाशाबरहुकूम मिळत नाही. आधी सामान जमवायचे आणि मग नकाशा ठरवायचा, ही उलटी चाल बँकेच्या कर्जाच्या हप्त्यांत बसत नाही. स्वस्त पडते म्हणून या वाटेला येणाऱ्याने हेही समजून घ्यावे. सामान स्वस्त पडते, सुताराची मजुरी वाढते. एकूण खर्च बऱ्याचदा सारखाच राहतो. पैसा सिमेंट कंपनीऐवजी कारागिराकडे जातो एवढेच. मला तो फरक मोलाचा वाटतो.

खरा अडसर आहे तो जेसीबीचा. हाताने घर उतरवताना आधी कौले, मग रिपा, वासे, आढे, कड्या, तुळया आणि शेवटी खांब, असा बांधणीच्या उलट क्रम पाळला जातो आणि पुष्कळसे सामान धड खाली येते. त्याला आठवडे लागतात. जेसीबी तेच काम दिवसभरात करतो, आणि साग, चुना, माती, काच यांची एकच रास करून ठेवतो. २०१६ च्या बांधकाम-राडारोडा नियमांनी मोठ्या पाडकामांना कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले. पेठेतल्या एका वाड्याला किंवा गावातल्या एका घराला ते सहसा लागू झाले नाही, आणि जिथे झाले तिथेही रात्री नदीपात्रात डंपर रिकामे होतातच.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांकडे, आणि विशेषतः जे घर राखू शकणार नाहीत त्यांच्याकडे, माझे एक मागणे आहे. भाऊबंदकी, कर्ज, दूरची नोकरी अशी घर पाडण्याची कारणे खरी असतात, त्यांवर मी काही बोलणार नाही. पण पाडायचेच ठरले तर दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत, माणसे लावून उतरवा. उतरवण्याआधी फोटो काढा, प्रत्येक खांब-तुळईवर खडूने नव्हे तर रंगाने आकडा टाका. लाकूड जमिनीवर न टेकवता विटांवर, मधे फटी ठेवून, वारा लागेल असे रचा. कौले उभी ठेवा. आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या आणि आसपासच्या सुतारांना कळवा. जवळपास कुणाचे तरी घर एका तुळईसाठी अडलेले असते.